वर्गणीदारांचा आकडा आणि खोटे माप

अहिल्यानगर शहराजवळच्या सारोळा कासार या गावातील सुमन धामणे यांनी २०२० मध्ये नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनेल सुरू केले. शाळेची पायरी न चढलेल्या या आजींच्या पाककृतींना लाखो वर्गणीदार लाभले. त्याच वर्षी चॅनेल हॅक झाले आणि काही दिवसांनी परत मिळाले. हा प्रेक्षकवर्ग पदार्थागणिक, विश्वासाने जोडला गेला होता.

परंतु इतका धीर सर्वांना नसतो. यूट्यूबवर जाहिरातींचे उत्पन्न मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे १,००० वर्गणीदार आणि वर्षभरात ४,००० तासांचे दर्शन लागते. हा टप्पा गाठण्यासाठी वर्गणीदार विकत घेणे, ‘तुम्ही मला, मी तुम्हाला’ अशी देवघेव करणे, चित्रफितीत नसलेल्या गोष्टीचे भडक मुखचित्र लावणे, मोबाइल बक्षीस देण्याचे आमिष दाखवणे, असे मार्ग अवलंबले जातात. कंपनीच्या नियमांनुसार विकतचे व देवघेवीचे वर्गणीदार अवैध असून ते वगळले जातात. मुंबई पोलिसांनीही २०२० मध्ये समाजमाध्यमांवरील बनावट अनुयायांच्या विक्रीचा तपास केला होता.

फुगवलेल्या आकड्याची किंमत अखेर प्रेक्षक मोजतो. ‘साधना ब्रॉडकास्ट’ या कंपनीच्या समभागाविषयी २०२२ मध्ये यूट्यूबवर दिशाभूल करणाऱ्या चित्रफिती प्रसारित झाल्या. त्यांची प्रेक्षकसंख्या वाढवण्यासाठी सशुल्क जाहिरातींवर कोट्यवधी रुपये खर्च झाल्याचे ‘सेबी’ने मार्च २०२३ च्या अंतरिम आदेशात नमूद केले. या काळात कंपनीचे छोटे भागधारक २,१६७ वरून ५५,३४३ वर गेले. भाव चढताच संबंधितांनी समभाग विकले आणि चढ्या भावाचा माल सामान्य गुंतवणूकदारांच्या गळ्यात पडला.

दुसरा सापळा घरातील गृहिणी आणि विद्यार्थी यांच्यासाठी असतो. ‘अमुक चॅनेलला सबस्क्राइब करा, प्रत्येकी पन्नास रुपये मिळवा’ असा संदेश येतो. आरंभी दीड-दोनशे रुपये खरोखर जमा होतात. मग टेलिग्रामच्या गटात घेऊन अधिक लाभासाठी आगाऊ रक्कम भरण्यास सांगतात. पडद्यावर नफा वाढताना दिसतो. तो काढू गेल्यास कर आणि शुल्क मागितले जाते. अशा कामांच्या नावाने फसवणूक करणारी शंभराहून अधिक संकेतस्थळे केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये बंद केली.

व्यापाऱ्यांनी आणखी एक धोका ओळखावा. लुटीची रक्कम फिरवण्यासाठी या टोळ्यांना चालू खाती हवी असतात. कमिशनच्या मोहाने खाते वापरू दिल्यास ते गोठवले जाते, पेढीची देणी-घेणी अडतात आणि चौकशीला सामोरे जावे लागते.

चॅनेलची पारख फार अवघड नाही. वर्गणीदार लाखांत आणि दर्शने शेकड्यांत असतील, अभिप्राय एकाच साच्यातले असतील, तर सावध व्हावे. गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याची ‘सेबी’कडील नोंदणी तपासावी. फसवणूक झाल्यास लाजेपोटी गप्प न राहता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक.

दुकानासमोरची गर्दी म्हणजे गल्ल्यातील रोकड नव्हे, हे आडते बाजारातील कोणीही जाणतो. तीच कसोटी पडद्यावरील आकड्यालाही लावावी, आणि ती मुलांनाही शिकवावी.