किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं वजन आणि नेमबाजीचं पिस्तूल

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाला धरा. विषय मात्र मी स्वतः हाताळलेला आहे, अगदी शब्दशः.

पुणतांबा हे माझं आजोळ. मामाची मुलगी अकरावीत आहे. सुट्टीत पुण्याला नेमबाजीचं शिबिर करून आली आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. कोणीतरी जुनं १० मीटर एअर पिस्तूल विकायला काढलं होतं, १ लाख १० हजाराला. मामाने कांद्याच्या पट्टीतून पैसे बाजूला ठेवले आणि मला फोन केला, "तू इंजिनिअर होणार ना, मग बघून सांग." पिस्तूल दोन दिवसांसाठी घरी आलं. दोन दिवसांत हो की नाही ते ठरवायचं होतं.

गावात पहिला प्रश्न अर्थातच लायसन्सचा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या हवेच्या शस्त्राला ते लागत नाही. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला दीडशे मीटर. बारावीचं सूत्र लावा, ६ ज्यूलच्या आसपास येतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते २५ मीटरच्या पिस्तुलाने. त्यात खरी काडतुसं असतात, त्याला लायसन्स हवंच. पण ६ ज्यूल डोळा फोडायला पुरेसे आहेत. म्हणून कांद्याच्या रिकाम्या चाळीत १० मीटर मोजून घेतले, लक्ष्यामागे जाड लोखंडी पेटी ठेवली आणि चाळीच्या दोन्ही तोंडांना माणूस उभा केला. (रेक्टर सर, हॉस्टेलवर काहीही आणलेलं नाही.)

आता नियमांची मापं. वजन दीड किलोच्या आत, आणि अख्खं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या खोक्यात मावलं पाहिजे. खोका मी पुठ्ठ्याचा केला, ड्रॉइंगच्या तासांचा पहिल्यांदा उपयोग झाला. ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम लागतं. ते तपासायला मामीने किराणा दुकानातून अर्ध्या किलोचं वजन मागून आणलं. छर्रा न भरता पिस्तूल कॉक करायचं, नळी आकाशाकडे धरायची, वजन सुतळीने ट्रिगरला अडकवायचं आणि सावकाश उचलायचं. ट्रिगर सुटला नाही तर पास. दोनदा उचललं गेलं, तिसऱ्यांदा टक्कन सुटला. स्पर्धेत असा काठावरचा ट्रिगर धोक्याचाच. पण हा दोष स्क्रूचा, पाव फेऱ्यात दुरुस्त झाला. किंमत पाडायला मात्र चांगला मुद्दा मिळाला.

सगळे विचारत होते, "नेम बरोबर लागतो का याचा?" हा प्रश्नच मला थोडा चुकीचा वाटतो. समजा, एका छर्‍याचा वेग १५० ऐवजी १४५ पडला. १० मीटरवर तो किती खाली लागेल? मी गणित केलं: दीड मिलिमीटर. दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं आहे. आता दुसरं गणित करा. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर आम्ही मोजलं, ३२० मिलिमीटर. पुढची साइट खाचेत फक्त १ मिलिमीटर बाजूला सरकली तर छर्रा केंद्रापासून ३१ मिलिमीटर दूर जातो, म्हणजे दहाच्या जागी सात. पिस्तूल शिकंज्यात धरून दहा छर्रे मारले, सगळे मिळून एकच भोक पडलं, करंगळीही जाणार नाही एवढं. म्हणजे नळी चांगली आहे. गुण जाणार आहेत ते हात आणि मूठ यांच्यामध्ये.

म्हणून मुठीवर सगळ्यात जास्त वेळ घालवला. नेमबाजाने एका हाताने पिस्तूल धरायचं, मनगट मोकळं पाहिजे, कुठलाही आधार नाही. साठ छर्रे, सव्वा तास. तपासणी अगदी सोपी आहे: हात उचलून लक्ष्यावर आणायचा, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, उघडायचे. साइट खाचेच्या मधोमध दिसली तर मूठ आपली. आमच्या बाईसाहेबांनी वीस वेळा केलं, आणि सतरा वेळा साइट डावीकडे. हात थरथरला असता तर ती कधी डावीकडे, कधी उजवीकडे गेली असती. सारखी एकाच बाजूला जाते म्हणजे लाकडाचा आकार चुकतोय. मूठ मोठ्या पंजाच्या माणसासाठी होती, तिचं बोट ट्रिगरपर्यंत ताणून जात होतं. तळहाताच्या पोकळीत एम-सील भरून, वाळल्यावर घासून पुन्हा बघितलं. वीसपैकी तेरा वेळा मधोमध. खोक्यात पुन्हा घालून पाहिलं, मावलं.

आणि बिघाड? २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं. दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ गुणांवर ती बारावी आली आणि फायनल हुकली. २०२४ ला पॅरिसमध्ये याच प्रकारात तिने ब्राँझ मिळवलं, पण मधली तीन वर्षं कोणाला हवीत? म्हणून सुटे भाग मिळतात का, ही चौकशी मी पिस्तूल हातात घेण्याआधीच केली होती. मिळतात.

खरा घोळ निघाला हवेच्या सिलिंडरमध्ये. त्यात २०० बार दाब असतो, गाडीच्या टायरच्या साधारण शंभरपट. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते आणि त्याचं आयुष्य जास्तीत जास्त दहा वर्षं. यावरची तारीख बघितली, मुदत दीड वर्षापूर्वीच संपलेली. विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. मामा म्हणाला, "चालतंय की अजून." मी म्हटलं, हे फुटलं तर पोरीच्या तोंडापासून हातभर अंतरावर फुटेल, आणि स्पर्धेत तर तपासणीलाच अडवतील. मामा गप्प बसला. हवा कुठे भरणार हा प्रश्न वेगळाच, टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं हे काम नाही. उच्च दाबाचा हातपंप वेगळा घ्यावा लागतो.

मी कागदावर लिहून दिलं: नळी उत्तम, ट्रिगर ठीक, मूठ घडवता येईल, सिलिंडर बाद. नवा सिलिंडर आणि हातपंप यांचे पैसे वजा करून जी रक्कम उरते तेवढीच द्यायची. विकणारा आधी चिडला, मग संध्याकाळी त्याचाच फोन आला, ८५ हजार. मामा ८० वर अडून बसलाय. जुना सिलिंडर मी काढून ठेवायला लावलाय. पिस्तूल अजून घरीच आहे, पोरगी रोज रिकाम्या पिस्तुलाने अर्धा तास हात उचलते, आणि अर्ध्या किलोचं वजन परत द्यायचं राहिल्यामुळे दुकानदार मामीला रोज विचारतोय.