मोरचूद, हिराकस आणि एक निबंध

1882 साली एडिनबरा विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या वर्गात एकवीस वर्षांचा एक किडकिडीत बंगाली तरुण येऊन बसला. प्रफुल्लचंद्र राय. भारतीय रसायनशास्त्राचे जनक म्हणून पुढे त्यांचं नाव पाठ्यपुस्तकांत आलं, पण त्यांच्या विद्यार्थिदशेतल्या सहा वर्षांबद्दल आपल्याकडे फारसं लिहिलं जात नाही. मला मात्र त्यांच्या आयुष्यातला तोच काळ सर्वांत मोलाचा वाटतो.

खुलना भागातल्या राडुली गावचं हे जमीनदार घराणं. वडील हरिश्चंद्र विद्याव्यासंगी होते, पण इस्टेट उतरणीला लागलेली. घरच्या पैशावर विलायत गाठणं शक्यच नव्हतं. वाट एकच होती, ती म्हणजे गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती. ती परीक्षा देशभरातल्या विद्यार्थ्यांसाठी असे आणि तिला रसायनापेक्षा भाषांचं ओझं जास्त. प्रफुल्लचंद्रांनी फारसा गाजावाजा न करता लॅटिन आणि फ्रेंचची तयारी केली, संस्कृत होतंच. त्या वर्षी दोघंच निवडले गेले. एक हे आणि दुसरे मुंबईचे बहादुरजी नावाचे पारशी गृहस्थ.

एडिनबरा उत्तरेला इतकं वर आहे, की डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. प्रफुल्लचंद्रांना लहानपणीच आमांशाने गाठलं होतं आणि पोट जन्मभराचं नाजूक झालं होतं. अशा माणसाने तिथे टिकून राहायचं, परक्या भाषेत व्याख्यानं ऐकायची आणि दिवसभर प्रयोगशाळेत उभं राहायचं, ही साधी गोष्ट नव्हती.

ते टिकले यात त्यांच्या गुरूंचाही वाटा मोठा. अलेक्झांडर क्रम ब्राऊन हे रसायनाचे प्राध्यापक. अणू एकमेकांना कसे जोडलेले असतात, हे वर्तुळं आणि रेघा काढून दाखवण्याची पद्धत त्यांनी 1860च्या दशकात रूढ केली. आजही शाळेतली मुलं रेणूची रचना काढतात, तेव्हा त्या रेघांमागे हे गृहस्थ असतात. भौतिकशास्त्र शिकवायला पीटर गथ्री टेट होते. क्रम ब्राऊनचे सहायक जॉन गिब्सन जर्मनीत रसायनज्ञ बुन्सेनच्या हाताखाली शिकून आलेले, त्यामुळे पृथक्करणाची जर्मन शिस्त या प्रयोगशाळेत आपोआप मुरली होती. रसायनातलं नवं संशोधन तेव्हा मुख्यतः जर्मनमध्ये छापलं जाई. म्हणून प्रफुल्लचंद्र जर्मनही शिकले. सोबत्यांमध्ये जेम्स वॉकर होते, जे पुढे क्रम ब्राऊनच्याच खुर्चीवर बसले.

डॉक्टरेटसाठी त्यांनी जो विषय घेतला, तो आपल्या घरातल्या डब्यांपासून फार लांबचा नाही. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट, हिराकस म्हणजे लोखंडाचं, जुलाबाचं मीठ म्हणजे मॅग्नेशियमचं. यांतलं कुठलंही पोटॅशियम सल्फेटबरोबर पाण्यात विरघळवून स्फटिक होऊ दिले, की दोन सल्फेटं मिळून एक जोडक्षार तयार होतो. गंमत अशी, की धातू बदलला तरी या क्षारांच्या स्फटिकांचा आकार जवळजवळ तोच राहतो. त्यामुळे एकाच स्फटिकात मॅग्नेशियमच्या काही जागा तांबं घेऊ शकतं. मग प्रश्न उभा राहतो, की हाती आलेला स्फटिक हे दोन क्षारांचं नुसतं मिश्रण आहे, की ठरलेल्या प्रमाणातलं नवं संयुग? याचं उत्तर शोधायचं तर पुन्हा पुन्हा स्फटिक वाढवायचे, गाळायचे, वाळवायचे, जाळायचे आणि काटेकोर वजन करायचं. 1887 मध्ये या कामावर त्यांना डी.एस्सी. मिळाली. त्यापाठोपाठ होप पारितोषिक आणि विद्यापीठाच्या केमिकल सोसायटीचं उपाध्यक्षपदही.

पण मधल्या काळात या विद्यार्थ्याने आणखी एक काम केलं होतं. 1885 मध्ये विद्यापीठाचे रेक्टर लॉर्ड इडस्ले यांनी निबंधस्पर्धा जाहीर केली. विषय होता, ‘बंडापूर्वीचा आणि बंडानंतरचा भारत’. इडस्ले स्वतः एके काळी भारतमंत्री होते. प्रफुल्लचंद्रांनी परीक्षानळ्या बाजूला ठेवल्या आणि ग्रंथालयातून हिंदुस्थानच्या इतिहासाचे, महसुलाचे, अर्थकारणाचे ग्रंथ काढून वाचायला घेतले. जो निबंध तयार झाला, त्यात इंग्रजी राज्यावर सरळ, धारदार टीका होती. बक्षीस दुसऱ्याला मिळालं, तरी परीक्षकांनी हा निबंध उत्तमांत गणला. त्यांपैकी विल्यम म्यूर हिंदुस्थानातले माजी बडे अधिकारी आणि विद्यापीठाचे प्रमुख होते. टीका बोचली, पण तिची ताकद त्यांनी मान्य केली. प्रफुल्लचंद्रांनी निबंध छापून घेतला आणि जॉन ब्राइट यांना पाठवला. त्या बुजुर्ग खासदाराचं सहानुभूतीचं उत्तर आलं आणि ते वर्तमानपत्रांतही झळकलं.

शिष्यवृत्तीवर जगणारा, परक्या देशात एकटा असलेला विद्यार्थी त्याच देशाच्या सत्तेविरुद्ध असं लिहितो, आणि त्याच्या पदवीला धक्का लागत नाही! मला या घटनेतलं धैर्य जितकं मोठं वाटतं, तितकाच त्या विद्यापीठाचा मोकळेपणाही.

हा मोकळेपणा कलकत्त्याच्या बंदरापर्यंत पोचला नाही. 1888 मध्ये ते क्रम ब्राऊन आणि म्यूर यांची शिफारसपत्रं घेऊन परतले, पण शिक्षणखात्यातल्या वरच्या जागा व्यवहारात गोऱ्यांसाठीच राखलेल्या होत्या. जवळजवळ वर्षभर एडिनबराचा हा डॉक्टर बेकार होता, जगदीशचंद्र बोसांच्या घरी राहत होता. 1889 मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा अडीचशे रुपयांची, खालच्या श्रेणीतली जागा मिळाली. जिथे रंग आडवा आला नव्हता तिथून ते जिथे रंगच दर्जा ठरवतो तिथे आले होते, आणि तेही स्वतःच्या देशात. हा अन्याय मला आजही सलतो.

तरीही एडिनबरात मिळालेली मुख्य गोष्ट त्यांनी कलकत्त्यात रुजवली. गुरू आणि शिष्यांनी एकाच टेबलाशी उभं राहून काम करायचं आणि निष्कर्ष जगासमोर छापायचे, ही ती रीत. 1896 मध्ये त्यांचं मर्क्युरस नायट्राइटवरचं काम प्रसिद्ध झालं. त्याआधीच त्यांच्या बंगाल केमिकल्स या औषध कंपनीची सुरुवात झाली होती. आपले गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्यात त्यांचे शेजारी होते. गांधीजींशी त्यांची ओळख करून देताना गोखल्यांनी आवर्जून सांगितलं होतं, की हे प्राध्यापक आठशे रुपये पगारातले चाळीस स्वतःसाठी ठेवतात आणि बाकीचे लोककार्याला देतात.

ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी, नीलरतन धर हे रसायनज्ञ त्यांच्या हाताखाली घडले. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे पुढे भौतिकशास्त्राकडे गेले, पण प्रेसिडेन्सीत रसायनाचे धडे त्यांनीही प्रफुल्लचंद्रांकडेच घेतले. त्यांच्यापैकी कित्येकांना पुढे परदेशी जायची संधी मिळाली. मात्र संशोधन म्हणजे काय, हे शिकायला आता आधी समुद्र ओलांडावा लागत नव्हता.