नियम आणि त्याची अट
उच्च शालेय गणिताच्या परीक्षेतील काही नेहमीच्या चुका

गणिताच्या उत्तरपत्रिकेत आढळणाऱ्या चुका मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार हातचुकीचा. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत उतरताना ऋणचिन्ह गळते, घाईत सात आठे चोपन्न होतात. अशी चूक दाखविताच विद्यार्थ्याच्या ध्यानी येते. दुसरा प्रकार अधिक घातक आहे. त्यात प्रत्येक ओळ बरोबर दिसते, वापरलेला प्रत्येक नियम पुस्तकात दिलेला असतो, आणि तरीही उत्तर चुकीचे किंवा अपुरे येते. आपले चुकले कोठे हेच न उमगल्यामुळे विद्यार्थी असा ग्रह करून घेतो की, गणित आपल्या बुद्धीपलीकडचे आहे. वस्तुतः दोष बुद्धीचा नसून सवयीचा असतो. गणितातील बहुतेक नियमांना एखादी अट जोडलेली असते. नियम पाठ होतो आणि अट विसरली जाते.

क्ष² = ५क्ष हे साधे समीकरण घ्या. दोन्ही बाजूंना क्ष ने भागून पुष्कळ विद्यार्थी क्ष = ५ असे उत्तर लिहितात. परंतु क्ष = ० हेही ह्या समीकरणाचे मूळ आहे; भागाकार करताना ते हरवले. भागाकाराची अट अशी की, भाजक शून्य नसावा. क्ष चे मूल्य ठाऊक नसताना त्याने भागणे म्हणजे तो शून्य नाही असे आधीच गृहीत धरणे होय. त्याऐवजी सर्व पदे एका बाजूस आणून क्ष(क्ष − ५) = ० असे अवयव पाडले असता दोन्ही मुळे आपोआप हाती येतात. त्रिकोणमितीतही हीच चूक होते. २ साइन अ × कोसाइन अ = साइन अ ह्या समीकरणात साइन अ ने भागल्यास ६०° व ३००° ही उत्तरे मिळतात; पण ०° व १८०° ही दोन निसटतात आणि त्यांचे गुणही निसटतात.

शून्याने भागण्याचा प्रश्न थोरांनाही अवघड गेला होता. इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिणाऱ्या ब्रह्मगुप्ताने शून्यासह करावयाच्या गणिती क्रियांचे नियम सांगितले. परंतु शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते, असे त्याने मानले. आजच्या गणितात ह्या भागाकाराला अर्थ दिला जात नाही. कोणत्याही संख्येला शून्याने गुणले तरी शून्यच येते. तेव्हा उत्तर म्हणून एका विशिष्ट संख्येची निवड करण्यास आधार उरत नाही.

भागाकाराने मुळे हरवतात, तर वर्ग केल्याने नको असलेली मुळे आत शिरतात. √(क्ष + २) = क्ष ह्या समीकरणाच्या दोन्ही बाजूंचा वर्ग केला असता क्ष² − क्ष − २ = ० असे वर्गसमीकरण मिळते व त्याची मुळे २ आणि −१ येतात. क्ष = −१ मूळ समीकरणात घातल्यास डावी बाजू १ होते आणि उजवी −१; म्हणजे हे मूळ उपरे ठरते. ह्याचे कारण असे की, दोन संख्या समान असल्या तर त्यांचे वर्ग समान असतात, पण वर्ग समान असले म्हणून संख्या समान असतीलच असे नाही. वर्ग करणे ही एकेरी वाट आहे. लघुगणकांतही अशीच सावधगिरी हवी. १० ह्या पायाला धरून क्ष आणि (क्ष − ३) ह्यांच्या लघुगणकांची बेरीज १ असेल, तर क्ष(क्ष − ३) = १० ह्यावरून ५ व −२ ही मूल्ये निघतात. परंतु शालेय गणितात ऋण संख्येला लघुगणक नसल्यामुळे केवळ ५ हेच उत्तर ग्राह्य होय.

आलेले उत्तर मूळ प्रश्नाशी ताडून पाहण्याचा एक उत्तम धडा भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘बीजगणिता’त सापडतो. माकडांच्या एका कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करावेत. उरलेल्या संख्येच्या वर्गाइतकी माकडे गुहेत गेली आणि एक माकड फांदीवर चढलेले दिसले. तर कळप केवढा? समीकरण सोडविले असता ५० आणि ५ अशी दोन उत्तरे येतात आणि दोन्ही समीकरणात बसतात. परंतु कळप पाचांचा धरला तर त्याचा पाचवा हिस्सा एक होतो, आणि एकातून तीन माकडे वजा कशी करावयाची? म्हणून भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर त्याज्य ठरविले. समीकरण हे प्रश्नाचे प्रतिनिधी असते, स्वतः प्रश्न नव्हे.

असमतांच्या बाबतीत विसरली जाणारी अट चिन्हाची असते. १/क्ष < १ ह्या असमतेला क्ष ने गुणून क्ष > १ असे उत्तर सर्रास लिहिले जाते. परंतु ऋण संख्येने गुणल्यास असमतेची दिशा उलटते. येथे क्ष ऋण असेल तर १/क्ष ही ऋण होईल आणि ती एकाहून लहान असणारच. तेव्हा क्ष > १ बरोबरच क्ष < ० हाही उत्तराचा भाग आहे.

कलनात ही विस्मृती अधिकच महाग पडते. क्ष³ − ३क्ष ह्या फलनाचे ० पासून ३ पर्यंतच्या अंतरालातील महत्तम मूल्य विचारले असता विद्यार्थी विकलज शून्याबरोबर मांडतो, क्ष = १ मिळवितो आणि तेथेच थांबतो. तेथे फलनाचे मूल्य −२ आहे आणि ते लघुतम आहे. महत्तम मूल्य १८ असून ते क्ष = ३ ह्या टोकावर मिळते; टोके तपासणे राहून गेले. संकलनात १/क्ष² ह्या फलनाचे −१ पासून १ पर्यंतचे मूल्य सूत्राने काढल्यास −२ येते. ज्याचा आलेख सर्वत्र अक्षाच्या वर आहे, त्याखालील क्षेत्रफळ ऋण कसे असेल? सूत्राची अट अशी की, फलन त्या अंतरालात संतत असावे; येथे तर क्ष = ० असताना फलनाला मूल्यच नाही.

ह्या सर्व चुकांवर उपाय एकच आहे आणि तो अवघड नाही. नियम वहीत उतरवितानाच त्याची अट त्याच्या शेजारी लिहावी. भागताना भाजक शून्य असू शकेल काय, हे पाहावे. वर्ग केल्यावर प्रत्येक मूळ मूळच्या समीकरणात घालून तपासावे. असमतेला गुणताना गुणकाचे चिन्ह पाहावे. ताळा हा वेळ उरला तर करावयाचा उपचार नव्हे. तो उत्तराचाच शेवटचा भाग आहे. ज्या विद्यार्थ्याला ही सवय जडते त्याला आपली चूक परीक्षकाच्या आधी सापडते, आणि गणित आपल्या आवाक्यातील आहे हा विश्वासही त्याबरोबर येतो.