डोंगरवाटेसाठी गाडी : जुनी घ्यावी की नवी?

तळवलीसारख्या गावात राहणाऱ्या कारागिराचा धंदा गावापुरता नसतो. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या या वस्तीतून कोणी पंप बसवायला कर्जतच्या वाडीवर जातो, कोणी फार्महाऊसचे फर्निचर करायला खालापूरकडे, तर कोणी बकऱ्यांच्या खरेदीसाठी मुरबाडच्या आतल्या गावात. डांबरी रस्ता संपला की पुढे दगडगोटे, लाल चिखल आणि ओढे. तिथे शहरातली साधी मोटारसायकल लवकर जेर होते. म्हणून रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींवर चालणाऱ्या गाड्यांची चौकशी होऊ लागली आहे. अशी गाडी जुनी घ्यावी की नवी, हा प्रश्न आज आम्ही व्यापारी व कारागीर बांधवांसमोर मांडत आहोत. ही रक्कम घामाची असते आणि गाडी बंद पडली तर त्या दिवसाची रोजीही बुडते.

आपल्याकडे या जातीच्या गाड्या फार नाहीत. हिरोची इम्पल्स २०११ साली आली. दीडशे सीसीच्या घरातले हवेवर थंड होणारे इंजिन, कार्बोरेटर आणि सुमारे १३४ किलो वजन. पुढे ती बंद झाली. २०१६ साली रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन आली. तिच्या पहिल्या गाड्या कार्बोरेटरच्या होत्या, २०१७ पासून इंजेक्शन आले. २०१९ साली हिरोची एक्सपल्स २०० आली आणि २०२१ साली तिचेच चार व्हाल्व्हचे इंजिन. नव्या पिढीत २०२३ च्या अखेरीस आलेली ४५२ सीसीची हिमालयन आणि २०२५ ची एक्सपल्स २१० या दोन प्रमुख. दोघींचे इंजिन पाण्यावर थंड होते, गिअर सहा आहेत.

ताकदीचा आकडा पाहून पुष्कळ जण भुलतात. नव्या हिमालयनची ताकद सुमारे ४० हॉर्सपॉवर, जुनीची २४ च्या आसपास. परंतु दगडांच्या चढावर गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चालते. तिथे चाळीसची ताकद वापरायला जागा नसते. तिथे वजन महत्त्वाचे. चिखलात गाडी आडवी झाली आणि सोबत कोणी नसेल, तर ती एकट्याने उचलावी लागते. जुनी आणि नवी हिमालयन दोन्ही दोनशे किलोच्या जवळपास आहेत. एक्सपल्स २१० सुमारे १६८ किलोची, तर तिची आधीची बहीण दीडशेच्या थोडी वर. मागे अवजारांची पिशवी बांधायची असेल तर हा फरक हातांना लगेच कळतो. म्हणून खडतर वाट रोजची असेल तर हलकी गाडी. लांबचा हायवे जास्त आणि कच्ची वाट थोडी असेल तरच जड गाडी, असा आमचा पहिला सल्ला आहे.

दुसरा मुद्दा दुरुस्तीचा. कार्बोरेटरच्या वाटीत पाणी गेले तर खालचा स्क्रू सैल करून ते काढता येते. जेटमध्ये कचरा अडकला तर झाडाखाली बसून साफ करता येतो. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंपच विजेवर चालतो. बॅटरी पूर्ण बसली तर गाडी जागची हलत नाही. मात्र इंजेक्शनची गाडी पावसाळी थंडीत चटकन सुरू होते आणि पेट्रोल मोजून पिते. लडाखच्या उंचीवर हवा विरळ होते तेव्हा इंजेक्शनचा फायदा मोठा. आपल्या सह्याद्रीत सर्वांत उंच कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. म्हणजे केवळ उंचीच्या कारणासाठी आपल्या भागात नव्या गाडीवर जादा पैसा घालण्याचे कारण नाही.

ब्रेकचाही विचार हवा. सैल खडीच्या उतारावर मागचे चाक थोडे लॉक करता आले तर गाडी आवरते. नव्या दोन्ही गाड्यांत मागच्या चाकाचे ए.बी.एस. बंद करण्याची सोय आहे. रस्त्यावर आल्यावर ते पुन्हा चालू करायला मात्र विसरू नये.

जुन्या गाडीचा खरा खर्च विकत घेताना दिसत नाही. पंधरा वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, त्यासाठी गाडीची तपासणी होते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. नंतर दर पाच वर्षांनी तेच. २०११ मध्ये नोंदलेल्या इम्पल्सची पंधरा वर्षे २०२६ मध्ये भरतात. म्हणून व्यवहारापूर्वी आर.सी. पाहून वाशीच्या आर.टी.ओ.त चौकशी करावी. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बंद झालेल्या मॉडेलचे सुटे भाग मिळतात का, हे आधी आपल्या मिस्त्रीला विचारावे.

पेट्रोलचीही बाब आहे. २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र मिळते. जुन्या गाडीचे रबरी पाइप, ओ-रिंग आणि वॉशर त्यासाठी बनलेले नसतात. ते बदलून घ्यावेत. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नये.

जुनी गाडी पाहताना चकचकीत टाकीकडे लक्ष देऊ नका. पुढचे चाक उचलून हँडल फिरवा. मध्येच अडकले तर कोनसेट गेला आहे. फोर्कच्या सीलमधून तेल येते का, चाकाचे आरे सैल आहेत का, रिम वाकली आहे का, चेसीवर वेल्डिंगची खूण आहे का, हे पाहा. इंजिन थंड असतानाच सुरू करून आवाज ऐका. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी या.

नव्या गाडीच्या बाजूनेही एक गोष्ट घडली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील जी.एस.टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याहून मोठ्या गाड्यांवर उपकरासह ३१ टक्के होता, तो ४० टक्के झाला. एक्सपल्सचा कर कमी झाला, हिमालयनचा वाढला. ज्यांच्याजवळ रोख आहे त्यांनी हा फरक हिशेबात धरावा. ज्यांच्याजवळ नाही आणि जे व्याजाच्या हप्त्यापासून दूर राहू इच्छितात, त्यांनी कर्ज काढून नवी घेण्यापेक्षा चांगली जुनी एक्सपल्स २०० रोखीने घ्यावी आणि रकमेचा चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. सगळी थैली खरेदीतच रिकामी करणे हा धंद्याचा मार्ग नव्हे.

गॅरेजवाल्या बांधवांनाही आमचे दोन शब्द. एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ नियम आला आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ गेला. २०२३ पासून तर बिघाड नोंदवणारी यंत्रणाही गाडीत असते. कान लावून दोष ओळखणारा उस्ताद आजही हवाच आहे. पण त्याच्या हातात स्कॅनर नसेल तर पुढच्या पिढीचे गिऱ्हाईक थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाईल. जुन्या गाड्यांचे काम अजून काही वर्षे पुरेल. त्या कमाईतूनच नवे शिकून घ्यावे, निदान घरातल्या एका मुलाला तरी शिकवावे.

जे जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतात त्यांनी गाडी कुठे पडली, काय बदलले, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. ऐब लपवून विकलेल्या मालात बरकत नसते, ही आपली शिकवण आहे. शिवाय डोंगरात ब्रेक निकामी झाला तर प्रश्न पैशाचा नव्हे, जिवाचा असतो.

थोडक्यात, रोजची वाट खडतर, मिस्त्री ओळखीचा आणि कागद स्वच्छ असतील तर जुनी हलकी गाडी उत्तम. एकट्याने दूर जाणे, रोजची मोठी धाव आणि हाती रोख असेल तर नवी, पण हलकीच. आपली वाट कोणती, हे आधी ठरवा. गाडी मग आपोआप ठरेल.