माती राहिली, स्फुरद गेले

शेतातून पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाणारे स्फुरद, म्हणजेच फॉस्फरस, दोन रूपांत जाते: मातीच्या कणांना चिकटून आणि पाण्यात विरघळून. चिकटलेल्या स्फुरदाचा साधारण चौथा हिस्साच शैवालाच्या उपयोगी पडतो, विरघळलेले मात्र जवळजवळ सगळेच पडते. आणि या भेदाकडे काणाडोळा झाल्यामुळे अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील ईरी सरोवर एकदा सावरून पुन्हा बिघडले, तेही त्याच्या काठची शेती अधिक शाश्वत करण्याच्या प्रयत्नांना यश येत असताना.

पहिल्या बिघाडाचा इतिहास बराच परिचित आहे. 1960 च्या दशकात सांडपाणी आणि कपडे धुण्याच्या पावडरींतील फॉस्फेट यांमुळे सरोवरात शैवाल माजले, तेव्हा दोष फॉस्फरसचा नसून कार्बनचा आहे, असा युक्तिवाद साबण उद्योगाकडून केला जात होता. सरोवरांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर यांनी 1973 मध्ये ऑन्टारियोतील 226 क्रमांकाचे छोटे तळे प्लास्टिकच्या पडद्याने दुभागले, एका भागात कार्बन व नत्र आणि दुसऱ्या भागात त्यांच्या जोडीला फॉस्फरस सोडला, आणि केवळ दुसरा भाग हिरवागार झाल्याचे विमानातून घेतलेले छायाचित्र वादाचा निकाल लावून गेले. ईरीत येणाऱ्या फॉस्फरससाठी 1978 मध्ये वर्षाला 11,000 टनांची मर्यादा ठरली, 1980 च्या दशकात ती गाठलीही गेली, आणि सरोवर निवळले.

1990 च्या दशकाच्या मध्यापासून शैवाल परतले. ऑगस्ट 2014 मध्ये सरोवराकाठच्या टोलेडो शहर व परिसरातील 4 लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नये, असे सांगावे लागले. पाण्यातील मायक्रोसिस्टिन हे शैवालजन्य विष उकळल्याने नष्ट होत नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. एकूण फॉस्फरसचे आकडे पाहून या पुनरागमनाचा उलगडा होत नव्हता. तो झाला ओहायो राज्यातील टिफिन या छोट्या गावातील हायडेलबर्ग महाविद्यालयाच्या नोंदींमुळे. डेव्हिड बेकर यांनी 1969 मध्ये तेथे उभारलेली प्रयोगशाळा ईरीला मिळणाऱ्या मॉमी नदीचे नमुने 1970 च्या दशकापासून तपासत आली होती, आणि विरघळलेल्या स्फुरदाची नोंद वेगळी ठेवत होती. शिंडलर यांच्या छायाचित्राची मोहिनी नमुन्यांच्या या बाटल्यांना नाही, म्हणूनच बेकर यांचे नाव क्वचित घेतले जाते; परंतु मातीबरोबरचे स्फुरद आटोक्यात असताना विरघळलेले वाढत आहे, हे त्या कंटाळवाण्या रकान्यांतूनच दिसले.

ते का वाढले, हे समजण्यासाठी तेथील जमीन पाहावी लागते. मॉमीच्या खोऱ्याचा मोठा भाग पूर्वी दलदलीचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या घालून ती दलदल उपसली गेली. पुढे त्यांची जागा सच्छिद्र प्लास्टिक पाइपांनी घेतली, जे सांगली-कोल्हापूरच्या क्षारपड उसाच्या रानांतही आता घातले जातात. अशा जमिनीची धूप थांबवण्यासाठी तेथे शून्य मशागतीचा, म्हणजे न नांगरता पेरण्याचा, प्रसार झाला आणि धूप खरोखरच कमी झाली. मात्र खत पृष्ठभागावर फोकले जात राहिले आणि ते खाली मिसळणारा नांगर थांबला, त्यामुळे वरणभातावर तूप वाढून तो न कालवता सोडावा तसे स्फुरद वरच्या काही सेंटिमीटरांतच साचले. त्यातच न नांगरलेल्या जमिनीत गांडुळांची बिळे व भेगा अखंड राहतात, आणि त्यांतून पावसाचे पाणी मातीत गाळले न जाता थेट निचऱ्याच्या पाइपांत उतरते. शेतकऱ्याचा मित्र म्हणून गौरवलेल्या गांडुळाच्या वाट्याला ही भूमिका यावी, हे विलक्षणच.

वसंतातील वाढत्या पावसाचा वाटा किती आणि मशागतीचा किती, यावर संशोधकांत मतभेद आहेत. तरीही ‘शाश्वत’ हे बिरूद एखाद्या पद्धतीला कायमचे चिकटवण्याची घाई येथे उघडी पडते, कारण शून्य मशागत माती राखण्याच्या कसोटीला उतरली आणि पाणी राखण्याच्या कसोटीला अडखळली. शिवाय हेक्टरी वाहून जाणारे विरघळलेले स्फुरद साधारण अर्धा किलो किंवा त्याहूनही कमी असते. शेतकऱ्याच्या हिशेबात हा तोटा दिसतच नाही, त्यामुळे खत महागल्याने तो आपोआप काटकसर करील, ही अपेक्षा फोल ठरते.

उपाय मात्र फारसा अनोळखी नाही. खत फोकण्याऐवजी जमिनीत पेरून द्यावे, अशी शिफारस तेथे होते, आणि 2019 मध्ये सुरू झालेल्या ‘एच-टू-ओहायो’ कार्यक्रमातून त्यासाठी शेतकऱ्यांना पैसे दिले जातात. महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतीत दोन चाड्यांची पाभर बियाण्याबरोबर खतही मातीत सोडते, ते याच तत्त्वावर. ओहायो, मिशिगन व ऑन्टारियो यांनी 2025 पर्यंत पश्चिम ईरीत येणारे फॉस्फरस 2008 च्या तुलनेत 40 टक्क्यांनी घटवण्याचे 2015 मध्ये ठरवले होते. ते उद्दिष्ट हुकले. पूर्वीच्या पिढ्यांनी दिलेले जादा स्फुरद काही शेतांत इतके साठले आहे, की नवे खत पूर्ण बंद केले तरी त्या मातीतून पाइपांत उतरणारे पाणी पुढची कित्येक वर्षे ते घेऊनच जाणार आहे.