दिवसभर ‘ब्रेकिंग न्यूज’, पण कामाची बातमी कुठंय? टीव्हीचं गणित समजून घ्या

संध्याकाळी शेतातून घरी यावं, हातपाय धुऊन टीव्ही लावावा, तर पडद्यावर सहा-सात माणसं एकाच वेळी भांडताना दिसतात. तासभर पाहिलं तरी कांद्याला आज काय भाव मिळाला, कालव्याला आवर्तन कधी सुटणार, हे काही कळत नाही. असं का होतं?

मीटर ठरवतं बातमी

न्यूज चॅनेलची कमाई मुख्यतः जाहिरातींची. जाहिरातीचा दर ठरतो टीआरपीवर, म्हणजे किती लोकांनी किती वेळ चॅनेल पाहिलं यावर. हे मोजायचं काम ‘बार्क’ ही संस्था करते. त्यासाठी काही निवडक घरांत मीटर बसवलेले असतात. २०२० साली देशात टीव्ही असलेली घरं सुमारे २१ कोटी होती आणि मीटर होते सुमारे ४४ हजार घरांत. म्हणजे पावणेपाच हजार घरांची आवड एका घरावरून ठरायची.

ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला. मीटर असलेल्या घरांना पैसे देऊन ठरावीक चॅनेल लावून ठेवायला सांगितलं, असा आरोप होता. पुढे हा खटला मागे घेण्यात आला. पण त्या वेळी थांबवलेलं न्यूज चॅनेलचं रेटिंग थेट मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं.

दुसरं कारण खर्चाचं. गावात बातमीदार पाठवायचा तर गाडी, कॅमेरा, दिवसभराचा वेळ लागतो. स्टुडिओत चार जणांची चर्चा लावणं स्वस्त पडतं. त्यात आवाज चढला की माणूस चॅनेल बदलत नाही.

नुकसान कुणाचं?

नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजाराच्या नव्या नोटेत चिप असल्याचं काही चॅनेलनी रंगवून सांगितलं. रिझर्व्ह बँकेने दिलेल्या माहितीत चिपचा उल्लेखही नव्हता. मे २०२५ मध्ये भारत-पाक संघर्षावेळी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी चालली, तीही खोटी निघाली.

त्याच काळात चॅनेल बातम्यांच्या मागे युद्धाचा भोंगा वाजवत होते. शेवटी सरकारला सांगावं लागलं की हा आवाज वापरू नका. लोकांना त्याची सवय झाली, तर खरा भोंगा वाजल्यावर कुणी जागचं हलणार नाही. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट ती हीच.

पावसाच्या बातमीचंही तसंच. हवामान खातं जिल्हावार इशारा देतं. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे लगेच हालचाल करा. टीव्हीवर मात्र ‘राज्यावर मोठं संकट’ एवढंच मोठ्या अक्षरांत झळकतं. चार वेळा ढग नुसतेच येऊन गेले की पाचव्या वेळी माणूस काढलेलं सोयाबीन झाकत नाही, आणि नेमका तेव्हाच पाऊस गाठतो.

आपण काय करायचं?

• पावसाचा इशारा आपल्या जिल्ह्याच्या नावाने आणि रंगाने पाहा. हवामान खात्याचं ‘मौसम’ ॲप आहे. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे.

• बातमीत कोण सांगतंय, कुठलं आणि कधीचं, हे ऐका. नुसतं ‘सूत्रांकडून समजतं’ असेल तर व्हॉट्सॲप ग्रुपवर पुढे ढकलू नका.

• सरकारी योजना किंवा निर्णयाबद्दल शंका असेल, तर ‘पीआयबी फॅक्ट चेक’वर पाहा. हे सरकारी खातं आहे, त्यामुळे ते फक्त केंद्र सरकारशी संबंधित दावे तपासतं.

• बातमी खोटी किंवा भडकाऊ वाटली, तर कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ लिहून सात दिवसांच्या आत चॅनेलकडे लेखी तक्रार करा. २०२१ च्या नियमांनुसार चॅनेलने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही, तर पुढच्या १५ दिवसांत चॅनेलच्या स्वयंनियमन संस्थेकडे दाद मागता येते.

आणि एक लक्षात ठेवा. ग्रामसभा कधी आहे, रस्त्याचा निधी कुठं अडकला, हे कुठल्याच चॅनेलवर दिसणार नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या फलकासमोर उभं राहून वाचावंच लागेल.