घटक ४ : माऊसची जुळणी – विंडोज ३.१ च्या आधारे

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणास –
• माऊसची हालचाल पडद्यावर कशी उमटते, हे सांगता येईल.
• माऊसच्या प्रमुख जुळण्यांचा उपयोग स्पष्ट करता येईल.
• मराठी मजकुराच्या संपादनात या जुळण्यांचे महत्त्व विशद करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, नाशिक येथे १९८९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, ते नोकरी, शेती व संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी. सातपूर-अंबडच्या कारखान्यातील पाळी संपवून आलेला किंवा दिवसभर द्राक्षबागेत कात्री चालवलेला हात जेव्हा प्रथम माऊसवर पडतो, तेव्हा दर्शक भलतीकडे धावतो आणि टिचक्या वाया जातात. अशा वेळी पुष्कळ प्रौढ विद्यार्थी ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असा निष्कर्ष काढतात. वस्तुतः दोष हाताचा नसून जुळणीचा असू शकतो. यंत्र आपल्या हाताला लावून घेता येते, हे या घटकाचे मुख्य सूत्र आहे.

४.२ माऊसचे कार्य

अमेरिकेतील डग्लस एंगलबर्ट यांच्या कल्पनेतून १९६४ च्या सुमारास पहिला माऊस तयार झाला. ती एक लाकडी पेटी होती आणि तिच्या तळाशी परस्परांना काटकोनात बसवलेली दोन चाके होती. पुढे चाकांच्या जागी रबरी आवरणाचा गोळा आला. गोळा फिरला की त्याला टेकलेले दोन रूळ फिरतात. त्यांपैकी एक आडवी व दुसरा उभी हालचाल मोजतो. रुळांवर धुळीचा थर जमला की दर्शक अडखळतो. म्हणून कोणतीही जुळणी बदलण्यापूर्वी गोळा काढून रूळ पुसून घ्यावेत.

४.३ बहुकार्य प्रणाली आणि माऊस

१९९२ साली आलेल्या विंडोज ३.१ मध्ये अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी उघडे ठेवता येत. मात्र प्रत्येक प्रोग्रॅमने आपली पाळी स्वतःहून सोडावी, अशी तिची रचना होती. सभेत एका वक्त्याने ध्वनिक्षेपक सोडलाच नाही तर इतरांचा खोळंबा होतो, तसेच येथे घडे. अशा वेळी दर्शक फिरत राही, परंतु टिचकीला प्रतिसाद मिळत नसे. त्या टिचक्या रांगेत थांबत आणि पाळी आल्यावर अमलात येत. म्हणून पडद्यावर वाळूचे घड्याळ दिसत असताना पुनःपुन्हा टिचक्या मारू नयेत. हा दोष जुळणीचा नव्हे आणि आपल्या हाताचाही नव्हे.

४.४ जुळणीची पद्धती

प्रोग्रॅम मॅनेजरमधील ‘मेन’ या गटात ‘कंट्रोल पॅनेल’ आणि त्यात ‘माऊस’ हे चिन्ह असते. चिन्ह उघडण्यासाठी दुहेरी टिचकी लागते. मग जिला दुहेरी टिचकीच साधत नाही, त्या व्यक्तीने काय करावे? तिने कळफलक वापरावा. कंट्रोल व टॅब या कळांनी गट बदलावा, बाणाच्या कळांनी चिन्हावर यावे आणि एंटर दाबावे. उघडलेल्या चौकटीतही टॅबने पुढे जाता येते व बाणांनी पट्टी सरकवता येते.

(अ) दर्शकाचा वेग : नवशिक्याने तो कमी ठेवावा. वेग कमी असल्यास हात अधिक फिरवावा लागतो, पण नेम अचूक बसतो.

(आ) दुहेरी टिचकीचा वेग : दोन टिचक्यांमध्ये किती अंतर चालेल, हे येथे ठरते. ठरलेल्या अंतरापेक्षा उशीर झाला तर त्या दोन स्वतंत्र टिचक्या मानल्या जातात. पट्टी ‘मंद’ बाजूस सरकवून शेजारच्या चाचणी-चौकोनावर दुहेरी टिचकी मारून पाहावी. चौकोनाचा रंग पालटला की वेग आपल्या हाताला जुळला, असे समजावे.

(इ) कळांची अदलाबदल : डावखुऱ्या व्यक्तीसाठी ही सोय आहे. एकदा अदलाबदल झाली की सर्व नेहमीच्या टिचक्या उजव्या कळेने माराव्या लागतात, अदलाबदल रद्द करण्याची टिचकीसुद्धा.

(ई) दर्शकाचा माग : दर्शकामागे त्याच्या प्रतिमांची ओळ उमटते. फिकट पडद्यावर किंवा दृष्टी मंद असल्यास ती उपयोगी पडते. मात्र काही पडद्यांच्या बाबतीत ही सोय मिळत नाही.

या सर्व नोंदी ‘विन.आयएनआय’ या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवल्या जातात आणि त्या संगणकावर बसणाऱ्या प्रत्येकाला लागू होतात. अभ्यासकेंद्रातील संगणक सामायिक असतो. म्हणून मूळ जुळणी वहीत टिपून ठेवावी व उठताना ती पूर्ववत करावी. आपल्यानंतर बसणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिलाच दिवस असू शकतो.

४.५ मराठी मजकूर आणि माऊस

भाषेच्या विद्यार्थ्याला या जुळणीचे विशेष प्रयोजन आहे. त्या काळातील अनेक मराठी फॉन्टमध्ये अक्षराचे अवयव सुटे साठवले जात. ‘किती’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी येणारे स्वतंत्र चिन्ह असे. मजकूर निवडताना दर्शक किंचित पुढे सरकला तर वेलांटी मागेच राही आणि हलवलेल्या मजकुरात ‘कती’ असा शब्द उमटे. ‘अर्थ’मधील रफारही असाच निसटून ‘अथ’ उरे. मुद्रितशोधकाला हा लेखनदोष वाटे, पण त्याचे मूळ वेगवान दर्शकात असे. म्हणून संपादनाच्या वेळी दर्शकाचा वेग कमी ठेवावा, किंवा शिफ्ट व बाण या कळांनी एकेक चिन्ह निवडावे.

४.६ सारांश

माऊस नीट चालत नसेल तर प्रथम रूळ स्वच्छ करावेत. नंतर एखाद्या प्रोग्रॅमने पाळी अडवली आहे का, ते पाहावे आणि त्यानंतरच जुळणी बदलावी. हा क्रम पाळल्यास दोष नेमका कोठे आहे, ते कळते. प्रणाली बदलल्या, तरी वेग, टिचकी व कळा या जुळण्या पुढील प्रणालींतही कायम राहिल्या. त्यामुळे येथे शिकलेले तत्त्व आपणास कोणत्याही संगणकावर उपयोगी पडेल.

४.७ स्वाध्याय

१. दर्शक फिरतो, पण टिचकीला प्रतिसाद मिळत नाही. याचे कारण स्पष्ट करा.
२. दुहेरी टिचकी न मारता माऊसची जुळणी कशी बदलाल? पायऱ्या लिहा.
३. ‘जुळणीचा दोष हा लेखनदोष भासू शकतो.’ सोदाहरण चर्चा करा.
४. ‘टिचकी’ या शब्दाचा मूळ अर्थ व संगणकाच्या संदर्भातील अर्थ यांतील नाते सांगा.